फर्नांडो वॅलेन्झुएला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोच्या या डावखुऱ्या बेसबॉल पिचरबद्दल लोक जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेकांना १९८१ च्या उन्हाळ्याबद्दलच ऐकायचं असतं आणि ते साहजिक आहे. पण मला १९९१ नंतरचा, संघाने नारळ दिलेला, तरीही चेंडू खाली न ठेवलेला फर्नांडो तितकाच जवळचा वाटतो. म्हणून त्या वर्षांच्या प्रश्नांना कात्री लावलेली नाही. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी चालेल, जिथे अडेल तिथे सांगितलं आहे.

फर्नांडो वॅलेन्झुएला कोण होता?

मेक्सिकोच्या वायव्य टोकाला सोनोरा नावाचं राज्य आहे. तिथल्या एचोवाकीला या खेड्यात १ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचा जन्म झाला. १९८० ते १९९७ या काळात अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, तो १७ हंगाम खेळला. त्यातले पहिले ११ लॉस एंजेलिस डॉजर्सकडून. त्याच्या नावावर १७३ विजय, १५३ पराभव आणि २,०७४ स्ट्राइकआउट आहेत. मेक्सिकोत जन्मलेल्या दुसऱ्या कुठल्याही पिचरने मेजर लीगमध्ये इतके सामने जिंकलेले नाहीत. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचं निधन झालं. वय फक्त ६३.

नावाचा उच्चार 'वॅलेन्झुएला' की 'बालेन्सुएला'?

अमेरिकन समालोचक 'वॅलेन्झुएला' म्हणत, मेक्सिकोत 'बालेन्सुएला' म्हणतात. स्पॅनिशमध्ये ते आद्याक्षर 'ब' च्या जवळ जातं आणि 'झ' चा 'स' होतो. मराठीत पहिलं रूप रुळलेलं असल्यामुळे इथे तेच ठेवलं आहे. तसं पाहिलं तर आडनावाची गरज फारशी कुणाला पडलीच नाही. लॉस एंजेलिसमध्ये नुसतं 'फर्नांडो' म्हटलं तरी पुरायचं, अजूनही पुरतं. जवळची माणसं 'एल तोरो' म्हणत, म्हणजे बैल.

घरची परिस्थिती कशी होती?

बेताची. आईवडील शेतीवर जगणारे आणि बारा भावंडांत हा सगळ्यात धाकटा. मोठे भाऊ गावाच्या संघात खेळायचे, त्यांच्या मागे मागे हा मैदानावर जायचा. मेक्सिको म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो, पण सोनोरा आणि शेजारचं सिनालोआ हा बेसबॉलचा मुलूख आहे. तिथे हिवाळ्यात पॅसिफिक लीगचे सामने रंगतात आणि एर्मोसियो, ओब्रेगोन अशा गावांचे आपापले संघ असतात. फर्नांडोचा पहिला व्यावसायिक करारही याच पट्ट्यातला, १९७७ साली, नावोहोआच्या 'मायोस' संघाशी झालेला. तेव्हा तो १६ वर्षांचा होता.

पिचर म्हणजे आपला गोलंदाजच ना?

ढोबळमानाने हो, पण काही फरक ध्यानात ठेवले तर पुढचं सगळं सोपं जाईल. चेंडूचा टप्पा पडत नाही. पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहून १८.४४ मीटर अंतरावरच्या बॅटरकडे चेंडू थेट फेकतो. बॅटरसमोरच्या काल्पनिक चौकटीतून गेलेला किंवा मारायला जाऊन हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. असे तीन झाले की बॅटर बाद, तो स्ट्राइकआउट. धाव काढायची तर मैदानाच्या कोपऱ्यांवरचे बेस ओळीने गाठत फिरून परत यायचं. चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर गेले तर बॅटरला पहिल्या बेसवर फुकट चाल मिळते. नऊ इनिंगचा सामना, प्रत्येक इनिंगमध्ये तीन बाद.

षटकांची पाळी नसते. एकच पिचर सामना सुरू करतो आणि दमेपर्यंत, किंवा मॅनेजर येऊन त्याच्या हातातून चेंडू काढून घेईपर्यंत, टाकत राहतो. सामना एकट्याने संपवला तर 'कम्प्लीट गेम', आणि त्यात एकही धाव दिली नाही तर 'शटआउट'. जय-पराजय संघाबरोबर एकेका पिचरच्या नावावरही लागतो, ही गोष्ट क्रिकेटवाल्यांना सुरुवातीला विचित्र वाटते. आणखी एक आकडा सारखा येईल, तो 'ई.आर.ए.'. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून, पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची ती सरासरी. तीनच्या आत असेल तर उत्तम. फर्नांडोची कारकिर्दीची सरासरी ३.५४.

डॉजर्सना तो सापडला कसा?

शोधायला गेले एकाला आणि हाती लागला दुसराच. माइक ब्रिटो हे क्युबात जन्मलेले, डोक्यावर कायम पनामा हॅट घालणारे डॉजर्सचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे. ग्वानाह्वातो राज्यातल्या सिलाओ गावी ते एका शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) पाहायला गेले होते. समोरच्या संघातल्या गुबगुबीत, डावखुऱ्या पोराने त्या शॉर्टस्टॉपलाच स्ट्राइकआउट केलं. ब्रिटोंची नजर त्या पोरावर खिळली ती कायमची. १९७९ मध्ये तो युकातानच्या 'लिओनेस' संघाकडून खेळत होता. त्याच वर्षी जुलैत डॉजर्सनी १ लाख २० हजार डॉलर मोजून त्याचा करार विकत घेतला.

डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांना अनेक वर्षांपासून एखादा मोठा मेक्सिकन खेळाडू हवा होता. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन लोकवस्ती प्रचंड, पण मैदानात त्यांना आपला म्हणावा असा चेहरा नव्हता. ओमॅली १९७९ च्या ऑगस्टमध्ये वारले. महिनाभरापूर्वीच त्यांच्या क्लबने तो चेहरा करारबद्ध केला होता, पण पुढचं काही पाहायला ते राहिले नाहीत.

स्क्रूबॉल म्हणजे नेमकं काय? त्यात एवढं काय होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून थोडं सविस्तर.

डावखुऱ्या पिचरचा नेहमीचा कर्व्हबॉल उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरच्या अंगावर, आत येतो. स्क्रूबॉल नेमका उलटा, त्याच्यापासून दूर पळतो आणि जाता जाता खाली बसतो. त्यासाठी मनगट निसर्गाच्या विरुद्ध वाटावं असं वळवावं लागतं. घरी करून पाहा. डाव्या हाताने बरणीचं झाकण घट्ट लावताना मनगट जसं आत वळतं, तसं ते पूर्ण ताकदीने चेंडू फेकण्याच्या क्षणी वळवायचं. चेंडू सुटतो तेव्हा तळहात बाहेरच्या बाजूला फिरलेला असतो आणि अंगठा खाली गेलेला. एकदा केलं तरी कोपराच्या आतल्या बाजूला ओढ जाणवते. फर्नांडोने हे हजारो वेळा केलं.

हा चेंडू त्याला जन्मतः येत नव्हता. त्याच्याकडचा फास्टबॉल बेताचाच आहे आणि वरच्या पातळीवर टिकायचं तर आणखी एखादं हत्यार हवं, हे डॉजर्सनी ओळखलं. १९७९ च्या शरद ऋतूत त्यांनी संघातलाच पिचर बॉबी कॅस्टिओ याला त्याच्याकडे लावून दिलं. भल्याभल्यांना वर्षानुवर्षं न जमणारा हा चेंडू फर्नांडोने काही महिन्यांत आत्मसात केला. इतकंच नाही, तो दोन वेगळ्या वेगांनी टाकायलाही शिकला. पुढच्या वर्षी सॅन अँटोनिओला, मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, १६२ स्ट्राइकआउट घेऊन तो त्या लीगमध्ये पहिला आला. सप्टेंबर १९८० मध्ये डॉजर्सनी त्याला वर बोलावलं. तिथे १७ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग टाकून त्याने स्वतःच्या खात्यावर एकही धाव चढू दिली नाही. वय १९.

चेंडू टाकताना तो आकाशाकडे का पाहायचा?

पाय उचलला की दोन्ही हात डोक्यावर जात, आणि त्या क्षणी त्याचे डोळे बॅटरला सोडून थेट वर वळत. बुबुळं जवळजवळ दिसेनाशी होत. मग शरीर खाली येई, नजर परत जागेवर येई आणि चेंडू सुटलेला असे. कोणी म्हणे देवाला आठवतो, कोणी म्हणे ही बॅटरला बुचकळ्यात टाकण्याची युक्ती. मला त्यात गूढ काही दिसत नाही. लयीत काम करणाऱ्या माणसाची ती एक सवय होती. पण पोरांनी ती उचलली. लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांमधून आणि सोनोराच्या मैदानांवर लहान मुलं वर बघून चेंडू फेकू लागली.

'फर्नांडोमेनिया' कशी सुरू झाली?

दुसऱ्याच्या दुखापतीतून. ९ एप्रिल १९८१, हंगामाचा पहिला दिवस. सामना सुरू करण्याचा मान जेरी रॉइसचा होता, पण त्याची पोटरी दुखावली. बर्ट हूटनही तयार नव्हता. मॅनेजर टॉमी लासोर्डा यांनी २० वर्षांच्या फर्नांडोला उभं केलं. त्याआधी मेजर लीगमध्ये त्याने एकही सामना सुरू केलेला नव्हता. त्याने ह्यूस्टन ॲस्ट्रोजला नऊ इनिंगमध्ये एकही धाव करू दिली नाही. डॉजर्स २-० ने जिंकले.

पुढचे पाच आठवडे पाहा. सॅन फ्रान्सिस्कोत ७-१. सॅन दिएगोत २-०. ह्यूस्टनला जाऊन १-०, आणि ती एकमेव धावही फर्नांडोच्याच बॅटमधून आली. घरी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ५-०. माँट्रियलमध्ये ६-१. न्यूयॉर्कमध्ये मेट्सविरुद्ध १-०. घरी पुन्हा माँट्रियलविरुद्ध ३-२. आठ सामने, आठ विजय, पाच शटआउट, ७२ इनिंग आणि खात्यावर धावा फक्त चार. ई.आर.ए. ०.५०. असली सुरुवात करणारा नवखा पिचर त्याआधी कुणी पाहिला नव्हता. पहिला पराभव १८ मे रोजी फिलाडेल्फियाकडून झाला.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. डॉजर्सचे स्पॅनिश समालोचक हाइमे हारीन प्रत्येक शहरातल्या पत्रकार परिषदेत त्याचे दुभाषे म्हणून शेजारी बसत. प्रश्न लांबलचक असायचे, उत्तरं दोन-तीन शब्दांची. वय खरंच वीस आहे का, अशी शंका काढणारेही होते, इतका तो पोक्त दिसायचा. शेवटी जन्माचा दाखला दाखवावा लागला. जूनमध्ये व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तियो यांच्यासोबतच्या भोजनाचं त्याला निमंत्रण होतं. दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा मेक्सिकोत बसने गावोगाव सामने खेळत फिरत होता.

लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन लोकांना तो इतका आपला का वाटला? नुसत्या विजयांमुळे?

नाही. इथे जमिनीची गोष्ट आहे.

डॉजर स्टेडियम ज्या टेकड्यांवर उभं आहे तो भाग चावेज रवीन. तिथे पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप या तीन वस्त्या होत्या. बहुतांश मेक्सिकन कुटुंबं, छोटी घरं, परसातल्या कोंबड्या-बकऱ्या. १९५० च्या सुमारास शहराने सार्वजनिक घरकुल योजनेसाठी म्हणून लोकांना उठवायला सुरुवात केली. नव्या घरांत पहिला हक्क तुमचा, असं सांगितलं होतं. ती योजना राजकारणात बारगळली. घरं काही झाली नाहीत आणि जमीन ब्रुकलिनहून आलेल्या डॉजर्सना स्टेडियमसाठी मिळाली. मे १९५९ मध्ये शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी अक्षरशः उचलून बाहेर काढलं. दारातून ओढून नेल्या जाणाऱ्या बाईची छायाचित्रं आजही पाहवत नाहीत. १० एप्रिल १९६२ रोजी तिथे पहिला सामना झाला.

त्या पिढीतल्या अनेकांनी स्टेडियमात पाऊल न टाकण्याचं ठरवलं होतं. अशा ठिकाणी १९ वर्षांनी त्यांच्यासारखाच दिसणारा, त्यांच्यासारखंच बोलणारा, पोट सुटलेला शेतकऱ्याचा मुलगा मधोमध उभा राहिला, आणि फर्नांडो टाकणार असेल त्या दिवशी तिकीट मिळेना. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येऊ लागले. जखम भरली, असं मी म्हणणार नाही. घरं गेलेल्यांची घरं काही परत आली नाहीत. पण ते मैदान आपलंही आहे असं म्हणण्याची सोय त्या लोकांना पहिल्यांदा झाली ती फर्नांडोमुळे. आज डॉजर्सच्या गर्दीत जी निळ्या टोप्यांतली लॅटिनो कुटुंबं दिसतात, त्यांची सुरुवात तिथे आहे.

१९८१ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना एवढा का गाजतो?

कारण त्या दिवशी त्याचं काहीच नीट होत नव्हतं, आणि तरी तो जिंकला.

जून ते ऑगस्ट खेळाडूंच्या संपामुळे हंगाम मधूनच थांबला होता. शेवटी डॉजर्स अंतिम मालिकेत पोचले. समोर न्यूयॉर्क यांकीज, आणि पहिले दोन सामने हरून डॉजर्स ०-२ ने मागे. २३ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर फर्नांडो उभा राहिला. समोर यांकीजचा डेव्ह रिगेटी, तोही नवखाच. पहिल्याच इनिंगमध्ये रॉन सेच्या होमरनने (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर) डॉजर्सना तीन धावा मिळाल्या, पण फर्नांडोला त्या राखता आल्या नाहीत. स्क्रूबॉल चौकटीत पडेना. बॉब वॉटसनने होमरन मारला, तिसऱ्या इनिंगमध्ये रिक सेरोनने आणखी एक. यांकीज ४-३ ने पुढे.

कुठल्याही मॅनेजरने तेव्हा पिचर बदलला असता. लासोर्डांनी बदलला नाही. पाचव्या इनिंगमध्ये डॉजर्सनी दोन धावा काढून ५-४ अशी आघाडी घेतली. आठव्यात यांकीजचे पहिले दोघे बेसवर. बॉबी मर्सरने बंट, म्हणजे बॅट पुढे धरून चेंडू नुसता ढकलायचा प्रयत्न केला, चेंडू फाउल रेषेबाहेर हवेत उडाला आणि रॉन सेने झेपावून झेल घेतला. तिथूनच त्याने पहिल्या बेसकडे चेंडू फेकला आणि पुढे पळालेला धावपटूही बाद. एका चेंडूत दोन. नवव्यात लू पिनिएला स्ट्राइकआउट झाला आणि सामना संपला.

फर्नांडोने ९ हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) दिले, ७ जणांना फुकट चाल दिली, १४७ चेंडू टाकले. तिसऱ्या इनिंगनंतर मात्र एकही धाव दिली नाही. एकविसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. ज्या दिवशी हातात चेंडू बसत नाही त्या दिवशी काय करायचं, हे त्या रात्री त्याने दाखवलं, आणि माझ्या लेखी आठ सलग विजयांपेक्षा हा एक विजय मोठा आहे. डॉजर्स पुढचे तिन्ही सामने जिंकून विजेते झाले.

एकाच वर्षी 'रूकी ऑफ द इयर' आणि 'साय यंग' मिळवणारा तो एकटाच का?

हो, आजपर्यंत एकटाच. सर्वोत्तम नवखा आणि सर्वोत्तम पिचर, दोन्ही मान १९८१ मध्ये त्याला मिळाले. साय यंगसाठी टॉम सीव्हरशी चुरस होती, फर्नांडोला ७० गुण आणि सीव्हरला ६७.

त्याला पैसे किती मिळायचे?

१९८१ मध्ये पगार ४२,५०० डॉलर, म्हणजे लीगच्या किमान वेतनाच्या आसपास. स्टेडियम भरत होतं त्याच्या नावावर. १९८२ च्या सुरुवातीला त्याने सरावाला जायला नकार दिला. तेव्हा बरीच टीका झाली, 'पोरगं डोक्यावर बसलं' वगैरे. शेवटी साडेतीन लाखांवर करार झाला. पुढच्या वर्षी लवादासमोर जाऊन त्याने १० लाख डॉलर मिळवले, लवादाने एवढी रक्कम मंजूर केलेला तो पहिला खेळाडू. त्याने योग्यच केलं. ज्याच्या हातावर धंदा चालतो त्याने हाताची किंमत मागू नये, तर कुणी मागावी?

सर्वांत चांगला हंगाम कोणता? १९८१ च ना?

मी १९८६ म्हणेन. २१ विजय, २४२ स्ट्राइकआउट आणि २० कम्प्लीट गेम. त्या वर्षी साय यंगमध्ये तो ह्यूस्टनच्या माइक स्कॉटच्या मागे दुसरा आला.

त्याच वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे दोन लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात, त्याने ओळीने पाच जणांना स्ट्राइकआउट केलं. मॅटिंगली, रिपकेन, बारफिल्ड, व्हिटेकर आणि टेडी इगेरा. हा विक्रम १९३४ पासून कार्ल हबेलच्या नावावर होता, तोही डावखुरा, तोही स्क्रूबॉलवाला. आणि पाचवा बळी ठरलेला इगेरा स्वतः सिनालोआचा, मेक्सिकन डावखुरा पिचर. त्याच हंगामात त्यानेही २० सामने जिंकले. शेजारशेजारच्या राज्यांतली दोन पोरं ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये समोरासमोर, हे दृश्य मला विलक्षण वाटतं.

१९८५ ही विसरू नका. हंगामाच्या सुरुवातीला सलग ४१ पूर्णांक एक तृतीयांश इनिंग त्याच्या खात्यावर धाव नव्हती. ती मालिका टोनी ग्विनच्या होमरनने तुटली आणि सामना ०-१ ने गेला. इतकं टाकूनही हरायचं, हे पिचरच्या नशिबी असतं.

तो बॅटिंगही करायचा म्हणे?

करायचा, आणि मनापासून. नॅशनल लीगमध्ये तेव्हा पिचरला बॅट घ्यावीच लागे. कारकिर्दीत १० होमरन आणि पिचरांमधला सर्वोत्तम बॅटर म्हणून दोनदा सिल्व्हर स्लगर पुरस्कार. जून १९८९ मध्ये ह्यूस्टनमधला एक सामना बरोबरी सुटेना म्हणून २२ इनिंग चालला. डॉजर्सकडचे खेळाडू संपले, तेव्हा फर्नांडो पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. सामना संपवणारा फटका त्याच्याच ग्लोव्हच्या टोकाला लागून पुढे गेला.

त्याच्या खांद्याचं नुकसान कुणी केलं?

कुणा एकाचं नाव घेणं सोपं आहे, पण आकडे आधी पाहू. १९८२ ते १९८७ या सहा हंगामांत त्याने अनुक्रमे २८५, २५७, २६१, २७२, २६९ आणि २५१ इनिंग टाकल्या. एकूण जवळपास १,६००. अख्ख्या कारकिर्दीतल्या इनिंग २,९३०, म्हणजे निम्म्याहून जास्त भार वयाच्या सत्ताविशीआधीच उचलून झाला होता. आज एखाद्याने हंगामात २०० इनिंग टाकल्या तरी बातमी होते.

आपली पाळी न चुकवता त्याने सलग २५५ सामने सुरू केले. १९८८ च्या उन्हाळ्यात खांद्याने जवाब दिला. त्या वर्षी डॉजर्स पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकले आणि फर्नांडो बाजूला बसून पाहत होता. स्क्रूबॉलमुळे हात गेला, असं पुष्कळ जण म्हणतात. मला तो दोष त्या चेंडूवर टाकणं पटत नाही. हबेलसुद्धा तोच चेंडू टाकत होता, पण मुख्य प्रश्न किती टाकायचा हा आहे. चेंडूंची मोजदाद तेव्हा कुणी फारशी करत नसे आणि फर्नांडो कधी 'नको' म्हणत नसे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की खांदा किती दिवस तग धरणार?

नो-हिटर कधी टाकला?

२९ जून १९९०, सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध, ६-० असा. नो-हिटर म्हणजे समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही. त्याच संध्याकाळी ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टने टोरोंटोत नो-हिटर टाकला होता आणि डॉजर्सचे खेळाडू तो टीव्हीवर पाहत होते. 'टीव्हीवर एक पाहिलात, आता समोर पाहा,' असं काहीसं फर्नांडो म्हणाल्याचं सहकारी सांगत. शेवटचा फटका त्याचाच जुना सोबती पेद्रो गेरेरोचा, त्यावर दोघे बाद. समालोचक विन स्कली यांनी प्रेक्षकांना सांगितलं, सोम्ब्रेरो असेल तर आकाशात भिरकवा.

मग नऊ महिन्यांत डॉजर्सनी त्याला सोडलं कसं?

मार्च १९९१ च्या शेवटी, हंगाम तोंडावर असताना. १९९० चा ई.आर.ए. ४.५९ होता, करार पूर्ण हमीचा नव्हता आणि ठरावीक तारखेच्या आत सोडलं तर पैसे वाचत होते. व्यवहार म्हणून त्यात चूक काढता येणार नाही. माणूस म्हणून मला तो आजही बोचतो. पुढची कित्येक वर्षं फर्नांडो त्या क्लबपासून लांब राहिला.

त्यानंतर तो संपलाच ना?

नाही, आणि हे सांगायलाच मी हे पान लिहायला घेतलं. १९९१ मध्ये एंजल्सकडून दोन सामने, दोन्ही हरले. १९९२ मध्ये तो मेक्सिकोत परतला आणि हालिस्कोच्या 'चारोस' संघाकडून खेळला. फार थोडे नामवंत असं खाली उतरून खेळतात. तिथून १९९३ मध्ये बाल्टिमोरने त्याला पुन्हा मेजर लीगमध्ये आणलं, ८ विजय. १९९४ मध्ये थोडे दिवस फिलाडेल्फिया. मग सॅन दिएगो. १९९६ मध्ये, ३५ व्या वर्षी, तेज उरलेलं नसताना, केवळ अचूकतेच्या जोरावर त्याने १३ सामने जिंकले आणि ८ हरले. त्या वर्षी सॅन दिएगोने गटाचं विजेतेपद एका सामन्याच्या फरकाने पटकावलं. मागे राहिलेला संघ होता डॉजर्स.

१६ ऑगस्ट १९९६ हा दिवस मी वेगळा ठेवतो. अमेरिका आणि कॅनडाबाहेर मेजर लीगचा नियमित हंगामातला पहिला सामना मेक्सिकोतल्या माँतेरेला झाला, सॅन दिएगो विरुद्ध मेट्स. सुरुवात केली फर्नांडोने, जिंकलाही तोच, १५-१०. आपल्या माणसांसमोर, आपल्या मातीत.

मेजर लीगमधला शेवट १९९७ मध्ये सेंट लुइसकडून झाला. पण मेक्सिकोच्या हिवाळी लीगमध्ये तो चाळिशी उलटल्यावरही उतरत राहिला.

डॉजर्सशी समेट झाला का?

२००३ मध्ये तो डॉजर्सच्या स्पॅनिश रेडिओ समालोचनात आला, हारीन यांच्याच शेजारी. एकेकाळी जो माणूस त्याचे दोन शब्द जगाला समजावून सांगायचा, त्याच्या बाजूला बसून हा आता स्वतः बोलू लागला. ते काम त्याने २०२४ पर्यंत केलं. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये मेक्सिकोच्या संघाच्या प्रशिक्षकांतही तो होता.

तो हॉल ऑफ फेममध्ये का नाही?

हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचं मानाचं दालन. तिथल्या प्रवेशासाठीच्या पत्रकारांच्या मतदानात २००३ मध्ये ६.२ टक्के मतं मिळाली, २००४ मध्ये ३.८. पाच टक्क्यांखाली गेलं की नाव यादीतून निघतं. निव्वळ आकड्यांवर १७३-१५३ कमी पडतात, हे मान्य. पण खेळाचा इतिहास ज्यांच्यामुळे वळला त्यांना जागा द्यायची असेल, तर हा माणूस आत असायला हवा.

त्याच्या जर्सीवरच्या ३४ क्रमांकाचं काय?

डॉजर्सचा शिरस्ता होता, हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्याचाच क्रमांक निवृत्त करायचा, म्हणजे पुन्हा कुणाला द्यायचा नाही. अपवाद फक्त जिम गिलियम यांचा. म्हणून ३४ कागदोपत्री खुला होता, पण १९९१ नंतर तो कुणालाच दिला गेला नाही. मेक्सिकन लीगने २०१९ मध्ये सगळ्या संघांसाठी तो निवृत्त केला. डॉजर्सनी अखेर ११ ऑगस्ट २०२३ रोजी. वर्षभराने फर्नांडो गेला, डॉजर्स आणि यांकीज पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये भिडायच्या तीन दिवस आधी. खेळाडूंनी बाहीवर ३४ लावून ती मालिका जिंकली. विजययात्रा निघाली १ नोव्हेंबरला. त्या दिवशी तो ६४ वर्षांचा झाला असता.

त्याच्यानंतर मेक्सिकोचे कोण?

इगेराचा उल्लेख वर आलाच. एस्तेबान लोआइसाने २००३ मध्ये २१ सामने जिंकले, हुलिओ उरियासने २०२१ मध्ये २०. मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला मेक्सिकन मात्र पिचर नव्हता. तो आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागातला क्षेत्ररक्षक) मेलो अल्माडा, १९३३ साली, बॉस्टनकडून.

काहीच पाहिलेलं नाही, सुरुवात कुठून करू?

१९८१ च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यापासून. संपूर्ण पाहायला वेळ नसेल तर तिसरी इनिंग आणि मग थेट आठवी. तिसरीत सेरोनचा होमरन गेल्यावर कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जातो का ते बघा, आणि गेला तर तिथे काय दिसतं ते बघा. मग पुढच्या बॅटरला तो पाय उचलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा. ते तसेच वर जातात.